आधी व्हायब्रेटर, मग सक्शनवालं: पाळी गेल्यानंतरचा माझा अनुभव

वय ४८, राहायला सांगलीत विश्रामबाग साईडला, नोकरी एका पतसंस्थेत काउंटरला, घरी नवरा, सासूबाई आणि बारावीतली मुलगी. नाव सांगणार नाही, सांगलीत सगळे सगळ्यांना ओळखतात. हे लिहायचं कारण एवढंच की पाळी गेल्यावर स्वतःच्या सुखासाठी व्हायब्रेटर आणि मग हवेच्या ठोक्यांवर चालणारं सक्शनचं खेळणं घ्यायचं म्हणून मी शोधत होते तेव्हा मराठीत दोनच प्रकारचं सापडायचं, एक तर चावट जोक नाहीतर 'नवऱ्याला खूश ठेवा' छाप लेख. डॉक्टर काय विचारतात, कुरिअरच्या बॉक्सवर काय लिहिलेलं असतं, आवाज भिंतीपलीकडं जातो का, बिघडलं तर बदलून देतात का, ह्यातलं काही कुणी लिहिलेलं नव्हतं.

माझी शेवटची पाळी २०२३ च्या दिवाळीच्या आसपास आली. आपल्याकडं सरासरी ४६-४७ ला पाळी जाते, त्यामुळं मी काही फार लवकरची नव्हे. सलग बारा महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला असं डॉक्टर धरतात, म्हणजे माझा हिशोब २०२४ च्या दिवाळीला पुरा झाला. रात्री घामानं उठणं, चिडचिड, हे सगळं ऐकून माहीत होतं. जे कुणी सांगितलं नव्हतं ते असं की खाली कोरडेपणा येतो, संबंधाच्या वेळी आग होते आणि त्याहून वाईट म्हणजे काही जाणवायचंच कमी होतं. आधी जिथं पटकन होत होतं तिथं आता तासभर घालवला तरी काही नाही. मग मी टाळायलाच लागले, ह्यांना वाटलं मी रागावलीय, मला वाटलं आता हे संपलं आपलं, आणि दोघंही गप्प.

बोलले ते कॉलेजच्या मैत्रिणीशी, ती कोल्हापूरची. तिच्याजवळ रडगाणं गायल्यावर ती एकदम म्हणाली, "अगं मी दोन वर्षं झाली व्हायब्रेटर वापरतोय की, तुला काय आभाळ कोसळल्यासारखं झालंय? पण आधी डॉक्टरला दाखव बाई, दुखतंय म्हणतीस तर." तिच्या तोंडून तो शब्द इतक्या सहज आला की मी दोन मिनिटं फोनवर काही बोललेच नाही.

जानेवारी २०२५, संक्रांत झाल्यावर मिरजेला गेले. सांगलीतही चांगल्या गायनॅक आहेत, पण मला आमच्या पतसंस्थेचे सभासद जिथं वेटिंगला बसलेले नसतील असं ठिकाण पाहिजे होतं, आणि मिरजेला दवाखान्यांना काही तोटा नाही, कर्नाटकातनं सुद्धा पेशंट येतात. अपॉइंटमेंट साडेअकराची होती, नंबर लागला सव्वा वाजता. फी ५००. रिसेप्शनवरच्या मुलीनं सगळ्यांसमोर "काय त्रास होतोय?" विचारलं, मी "रुटीन चेकअप" म्हणले. असंच सांगा, आत गेल्यावर खरं सांगायचं, बाहेर सांगायची काही सक्ती नसते.

डॉक्टर बाई साठीच्या असतील. मी कोरडेपणाचं सांगितलं, आग होते ते सांगितलं आणि तिसरी गोष्ट घशात अडकली. त्यांनीच विचारलं, "आणि सुख मिळतं का?" सरळ, बीपी विचारावं तसं. मग मी बोलले. त्यांनी मधे पाळी गेल्यावर कधी रक्त गेलं का, घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर होता का, शुगर, थायरॉईड, झोपेच्या किंवा डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत का, हे सगळं लिहून घेतलं. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी ऑर्गॅझम (म्हणजे सुखाचा शेवटचा टप्पा) यायला उशीर होतो म्हणून तो प्रश्न असतो, त्या घेत असाल तर लपवू नका, आणि मनानं बंदही करू नका. पाळी गेल्यावर एक थेंब जरी रक्त गेलं असेल तर ते आधी तपासायचं, बाकी सगळं नंतर. तपासणी, पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची चाचणी) आणि सोनोग्राफी धरून त्या दिवशी अडीच हजाराच्या आत काम झालं, रिपोर्ट आठवड्यानं नॉर्मल आले.

त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला पेनानं चित्र काढून दाखवलं, ते मी जपून ठेवलंय. क्लिटोरिस, म्हणजे बायकांचं सुख जिथनं येतं तो अवयव, म्हणजे बाहेर दिसतो तेवढा दाणा नाही, त्याचे दोन पाय आणि दोन फुगीर भाग आत योनीच्या दोन्ही बाजूंना पसरलेले असतात, सगळं मिळून ९-१० सेंटिमीटर भरतं. ऑस्ट्रेलियातल्या हेलन ओकॉनेल नावाच्या युरॉलॉजिस्टनं १९९८ मध्ये हे नीट मांडलं. म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आल्यावर जवळजवळ तीस वर्षांनी! माझं लग्न होऊन तेव्हा वर्ष झालं होतं. पाळी गेली की इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी होतं, तिथला रक्तपुरवठा कमी होतो, त्वचा पातळ होते, म्हणून आग होते आणि म्हणूनच सेन्सेशनही मंदावतं. मन उडालंय वगैरे नंतरच्या गोष्टी.

औषध म्हणून इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं, दोन आठवडे रोज रात्री आणि मग आठवड्यातून दोनदा. ट्यूब तीनशे-साडेतीनशेच्या आसपास पडते. फरक पडायला दोन-तीन महिने जातात हे त्यांनी आधीच सांगितलं होतं म्हणून मी धीर धरला, नाहीतर पंधरा दिवसांत सोडून दिलं असतं. व्हायब्रेटरचं मी विचारलं (खाली मान घालून) तर म्हणाल्या, "चालेल की, रक्तपुरवठ्याला चांगलंच आहे. पण आग थांबू दे आधी, महिनाभर क्रीम लावा आणि मग घ्या." मला वाटलं होतं हाकलून देतील.

आता प्रश्न घ्यायचं कुठून. माझी भाची जर्मनीत असते, ती म्हणाली मावशी मी पाठवते. मी आधी वाचून घेतलं, आणि जे कळलं ते इथं लिहिते. सेक्स टॉय असा शब्द आपल्या कायद्यात कुठं नाही. अश्लील वस्तू विकणं, दाखवणं, आयात करणं ह्यावर कलम आहे, आधी भारतीय दंड विधानाचं (भादंवि) २९२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २९४. घरात स्वतःसाठी असण्यावर त्यात काही नाही. अडचण कस्टमची. अश्लील वस्तूंच्या आयातीवर १९६४ चं एक नोटिफिकेशन आहे, त्याचा आधार घेऊन पार्सल अडवू शकतात. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात बॉडी मसाजरची एक केस झाली, कस्टमचं म्हणणं होतं की हे सेक्स टॉय म्हणून वापरता येतात, कोर्टानं ते मान्य केलं नाही. पण परदेशातनं आलेलं आपलं एक पार्सल अडकलं तर त्यासाठी मुंबईला कोण खेटे घालणार, आणि त्या फॉर्मवर काय लिहिणार? भाचीला नको म्हणले. इथंच भारतीय साईटवर मिळतं, सगळीकडं 'पर्सनल मसाजर' नाहीतर 'बॉडी मसाजर' म्हणून विकतात.

फेब्रुवारीच्या शेवटी पहिला मागवला, साधा छोटा व्हायब्रेटर, अंगठ्यापेक्षा थोडा मोठा, सिलिकॉनचा, १,८९९ रुपये. मुद्दाम स्वस्तातला, कारण आपल्याला आवडतंय का हेच माहीत नव्हतं. पैसे ऑनलाईन भरा, कॅश ऑन डिलिव्हरी करू नका, नाहीतर दारात सुट्ट्यांवरून घोळ होतो आणि शेजारीण येऊन बघते. पत्ता ऑफिसचा द्यावा की घरचा ह्यावर मी बराच विचार केला. ऑफिसात शिपाई सगळी पार्सलं फोडायला उत्सुक असतो म्हणून घरचा दिला. पाच दिवसांनी आलं आणि अर्थातच सासूबाईंनीच घेतलं. तपकिरी बॉक्स, पाठवणाऱ्याचं नाव म्हणजे कुठल्यातरी रिटेल कंपनीचं, आत काय त्याचा पत्ता नाही. "काय मागवलंस गं?" म्हणाल्या. "मसाजर आहे आई, मानेसाठी." "मग मलाबी दे की जरा, गुडघा धरलाय." पुढच्याच आठवड्यात मी त्यांना शंभर फुटी रोडवरनं गुडघ्याचा वेगळा मसाजर आणून दिला, तो हजाराचा खर्च ह्याच खात्यात धरा.

व्हायब्रेटरचं तंत्र सोपं आहे, आत मोटर आणि मोटरला एका बाजूला जड असलेलं वजन, ते फिरलं की सगळं थरथरतं. मोबाईल व्हायब्रेट होतो तेच. पण थरथरण्यात फरक असतो आणि हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. छोट्या मोटरची थरथर जलद आणि वरवरची असते, मोठ्या, जड वस्तूची थरथर संथ आणि खोल जाते. माझा पहिला जलद जातीचा होता. क्रीमनं तोवर आग थांबलेली होती. पहिल्यांदा वापरलं तेव्हा काही महिन्यांनंतर तिथं काहीतरी जाणवलं ह्याचंच मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. पण मग असं व्हायला लागलं की आधी छान वाटायचं, वेग वाढवावासा वाटायचा, वाढवला की मिक्सरचं भांडं बराच वेळ दाबून धरल्यावर हाताला जसं बधिर होतं तसं व्हायचं आणि जे जवळ आलेलं असायचं ते निघून जायचं. थेट दाण्यावर लावला तर टोचायचं. बाजूनं, कातडीवरनं, नाहीतर सुती चड्डीवरनंच लावला तर सोसायचं आणि कधीकधी पूर्ण व्हायचंही.

बधिरपणा आला म्हणून घाबरू नका, तो थोड्या वेळात जातो, कायमचं काही बिघडत नाही. अमेरिकेतल्या बायकांचा २००९ मध्ये छापलेला एक मोठा अभ्यास आहे, त्यात निम्म्याहून जास्त बायकांनी कधी ना कधी व्हायब्रेटर वापरलेला होता आणि वापरणाऱ्यांपैकी ७१.५ टक्के बायकांना कधीच काही त्रास झालेला नव्हता. हे वाचून मला दुसऱ्याच कारणानं बरं वाटलं, एवढ्या बायका वापरतात आणि आम्ही इथं बॉक्स कपाटात साड्यांच्या मागं लपवतोय.

सक्शनवाल्याचं भाचीनं सांगितलं. ती राहते त्या देशातलंच ते काम. मिखाएल लेंके नावाच्या बव्हेरियातल्या माणसानं माशांच्या टाकीच्या पंपावर प्रयोग करत ते बनवलं आणि २०१४ मध्ये 'वुमनायझर' नावानं बाजारात आणलं, नंतर 'सॅटिस्फायर' वगैरे स्वस्त ब्रँड आले. त्याच्याही आधी २००० मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं-उपकरणांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) 'इरोस' नावाच्या एका उपकरणाला परवानगी दिली होती, डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारं, त्यात मात्र खरोखर हळू ओढून धरायचं, म्हणजे तिथं रक्त येऊन सेन्सेशन वाढावं. आत्ताची खेळणी तशी ओढून धरत नाहीत. छोट्या वाटीसारख्या तोंडाच्या आत एक पडदा वरखाली होतो, त्यानं हवेचा दाब क्षणात वाढतो क्षणात कमी होतो, दाण्याला काही घासत नाही, फक्त हवेचे ठोके लागतात. मला भीती होती की ओढून सुजेल की काय, तसलं काही नाही.

एप्रिलमध्ये मागवलं, ४,४९९ रुपये. आलं आणि चार्जच होईना. चुंबकाची केबल चिकटते, दिवा लागत नाही. कंपनीचा नियम असा की हायजिन प्रॉडक्ट, सील फोडलं की रिटर्न नाही. पण मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट असेल तर बदलून देतात, हे वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरात असतं. मी बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ करून ठेवला होता (कोल्हापूरवालीचा सल्ला, तुम्हीपण करा) तो पाठवला. मग उत्तर आलं की दुसऱ्या अडॅप्टरवर लावून व्हिडिओ पाठवा. पाठवला. मग सिरियल नंबरचा फोटो, मग बिलाची पीडीएफ, मग "कृपया समस्या सविस्तर कळवा." काय सविस्तर कळवू? दिवा लागत नाही! दहा-बारा दिवस नुसतंच "आपली तक्रार पुढे पाठवली आहे" येत राहिलं. शेवटी मी पतसंस्थेत थकबाकीदारांना लिहितो तसल्या भाषेत मेल केला, तारखा घालून, आणि खाली लिहिलं की सात दिवसांत उत्तर न आल्यास नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाईन १९१५ वर तक्रार नोंदवेन. तिसऱ्या दिवशी रिप्लेसमेंट निघाली. वस्तू कसलीही असली तरी ग्राहक म्हणून हक्क तोच, बिलावर बॉडी मसाजर लिहिलेलं आहे, लाजायचं काही कारण नाही. नवा पीस हातात पडला तोवर मे निम्मा संपला होता आणि सांगलीचा उकाडा असा की कुणी कुणाच्या जवळ जाऊ नये.

तर फरक. सक्शनवाल्यात जागा सापडणं हेच सगळं काम आहे. वाटीचं तोंड दाण्याभोवती नीट बसलं पाहिजे, बोटांनी कातडी बाजूला करून, आणि कडेला थोडं ल्युब (घसरण्यासाठीचं जेल) लावून, म्हणजे हवा निसटत नाही. एक सेंटिमीटर इकडंतिकडं झालं की काहीच जाणवत नाही. पहिल्या काही वेळा मला वाटलं साडेचार हजार पाण्यात गेले. बसल्यावर मात्र एकदम वेगळं. व्हायब्रेटरमध्ये सगळ्या भागाला गुणगुण होते, ह्यात सगळं एकाच बिंदूवर. सगळ्यात खालची लेव्हल मला अजून पुरते, वरच्या लेव्हल कुणासाठी केल्यात कोण जाणे. बधिरपणा येत नाही, कारण घासणंच नाही. पाळी गेल्यावर पातळ झालेल्या त्वचेला हे जास्त मानवतं असं माझं मत, माझ्यापुरतं. आणि पटकन होतं, कधीकधी इतकं पटकन की मजा यायच्या आत संपतं, त्याची मला थोडी चीडच येते. व्हायब्रेटर हळूहळू चढतो, त्यात वेळ जातो पण तो वेळही चांगला जातो. एकदा झाल्यावर सक्शनवालं लगेच बाजूला करावं लागतं, सहन होत नाही. व्हायब्रेटर थोडा लांब करून चालू ठेवता येतो.

आवाजाचं सांगते, एकत्र घरात हा मुख्य मुद्दा आहे. छोटा व्हायब्रेटर सलग गुणगुणतो, पंखा तीनवर असला की दाराबाहेर जात नाही, फक्त गादीवर किंवा लाकडी पलंगाच्या कडेला टेकवू नका, तिथनं घुमतो. सक्शनवालं नीट बसलेलं असताना जवळजवळ गप्प असतं, पण निसटलं की टकटक करत मोठ्यानं वाजतं. एकदा रात्री निसटलं आणि पलीकडनं सासूबाई म्हणाल्या, "मोबाईल वाजतोय बघ कुणाचा." तेव्हापासनं आधी जागेवर लावते, मग चालू करते, आणि काढायच्या आधी बंद.

ह्यांना मी व्हायब्रेटरचं मार्चमध्येच सांगितलं होतं, घरात नाही, हरिपूरला संगमावर जाऊन. घरात हा विषय काढायला जागाच नाही. आधी गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे माझी गरज नाही म्हण की." मी म्हणले, "अहो, गरज नसती तर तुम्हाला इथवर कशाला आणलं असतं?" तरी ते दोन-तीन आठवडे फुगलेलेच होते. त्यांना पटलं ते एका आकड्यानं, ते मशीनवाले माणूस, कुपवाड एमआयडीसीत. अमेरिकेतल्याच एका अभ्यासात फक्त १८ टक्क्यांच्या आसपास बायका म्हणाल्या की नुसत्या संबंधानं त्यांचं होतं. ते म्हणाले, "मग हे डिझाईनचंच आहे." हो, डिझाईनचंच आहे. दोघांनी मिळून वापरायला व्हायब्रेटर बरा, छोटा असतो, मधे बसतो, हलला तरी चालतो. सक्शनवालं दोघांत नुसती अडचण, जरा हललं की निसटतं. ते एकटीसाठी, किंवा त्यांनी हातात धरायचं आणि मी सांगायचं डावीकडं, वर, तिथंच.

धुण्याच्या बाबतीत व्हायब्रेटर सरळ आहे, कोमट पाणी आणि साधा सौम्य साबण, पुसून कोरडा. सक्शनवाल्याच्या तोंडात खोबण असते, तिथं ल्युब साठतं, नोझल काढून धुवायचं आणि आतून इअरबडनं हलकेच पुसायचं, दाबायचं नाही, आतला पडदा नाजूक असतो. सिलिकॉनच्या वस्तूला पाण्याचं ल्युब, सिलिकॉनचं ल्युब लावलं तर पृष्ठभाग खराब होतो. खोबरेल लावायचा मोह होतो आपल्याला, पण कंडोम वापरत असाल तर तेलानं तो फाटतो. बॉक्सवर आयपीएक्स७ असेल तर पाण्यात चालतं, नुसतं स्प्लॅशप्रूफ असेल तर नळाखाली धरू नका. चार्जिंगला लावून वापरायचं नाही. चार्जिंग मी ऑफिसला जाताना कपाटात पॉवर बँकेवर लावते, पण संध्याकाळी आठवणीनं काढते.

सगळा खर्च धरला, म्हणजे डॉक्टर, तपासण्या, क्रीम, दोन्ही वस्तू, ल्युब आणि सासूबाईंचा गुडघा, तर अकरा हजाराच्या आसपास गेले. पहिल्यांदा घेत असाल तर मी म्हणेन स्वस्तातला व्हायब्रेटर आधी, त्यानं बधिर होत असेल किंवा टोचत असेल तर मग सक्शनवाल्याकडं जा. आणि आग होत असेल, दुखत असेल तर दोन्ही नको, आधी डॉक्टर. क्रीमशिवाय ह्यातलं काहीही मला उपयोगी पडलं नसतं हे मी लिहून देते.

जुलैमध्ये परत मिरजेला जाऊन आले, डॉक्टर बाईंनी क्रीम आठवड्यातून दोनदा चालू ठेवायला सांगितलंय. सक्शनवाल्याचं सांगितल्यावर त्यांनी किंमत विचारली आणि पॅडवर लिहून घेतली, दुसऱ्या पेशंटसाठी असेल. कोल्हापूरवालीनंही आता मागवायला काढलंय, तिला म्हणले नोझल दोन साईजचे येतात तेच घे, आणि बॉक्स उघडताना व्हिडिओ कर.